साडेआठ इंचांचा पंजा

आमच्या मावसभावंडांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात पुन्हा भारतीय संघातून वगळलेला मुंबईचा फलंदाज सर्फराझ खान निघाला. ठाण्याच्या धाकट्या मावसभावाने एक व्हिडिओ टाकला होता. इंडियानापोलिसच्या स्टेडियममधलं कंबाइन, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या संघांसाठी होणारी कॉलेजच्या खेळाडूंची चाचणी; हाफपँटमधली उंचनिंच कॉलेजची पोरं. कोणी चाळीस यार्ड पळतोय, कोणी उभ्या जागेवरून उडी मारतोय, कोणाचा पंजा पट्टीवर पसरून मोजतायत. खाली त्याचं भाष्य: "ताई, तुमच्याकडे बघ खेळाडू कसे घेतात. मोजून, पारखून. आणि आपल्याकडे लोक अजून त्या सर्फराझसाठी गळे काढतायत. रणजीच्या धावा बघून संघ निवडायचे दिवस गेले." त्यावर भराभर अंगठे पडले. मी दोन ओळी लिहिल्या, तर उत्तर आलं, "तू तिकडे बसून बोलू नकोस गं."

म्हणजे उदाहरण माझ्या इकडचं घ्यायचं आणि बोलायचं मात्र मी नाही.

मी अमेरिकेत, पिट्सबर्गला राहते. यंदाचा, २०२६चा एनएफएल ड्राफ्ट, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगची खेळाडू-निवड, इथेच आहे, २३ एप्रिलपासून तीन दिवस. ड्राफ्ट जिथे आहे त्या नॉर्थ शोअरला जायचं तर गाडी कुठे लावायची याचीच सध्या सगळ्यांना काळजी, आणि जायंट ईगल या किराणा दुकानाच्या रांगेतसुद्धा विषय एकच: कुठला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, कोणाकडे जाणार. ३२ संघ, सात फेऱ्या, गेल्या मोसमात जो सगळ्यांत वाईट खेळला त्याला पहिला मान. कॉलेजात खेळणाऱ्या पोरांमधून एकेक उचलायचा. बाकीच्या जागांवर चूक झाली तर निभावून नेता येतं. क्वार्टरबॅक चुकला की संघाची चार-पाच वर्षं गेली, प्रशिक्षक गेला, मॅनेजर गेला. म्हणून त्याला तपासण्यावर इतका पैसा आणि इतकं डोकं खर्च होतं, आणि तरीही सगळ्यांत मोठ्या चुका त्याच जागेवर होतात.

हे पिट्सबर्गकराला सांगावं लागत नाही. जॉनी युनायटस इथलाच पोरगा. १९५५ साली स्टीलर्सनी, म्हणजे इथल्या एनएफएल संघाने, त्याला नवव्या फेरीत घेतलं आणि मोसम सुरू व्हायच्या आत काढून टाकलं. सरावाच्या सामन्यांत त्याला एक चेंडू फेकू दिला नाही. तो बांधकामावर कामाला लागला आणि ब्लूमफील्डच्या अर्धव्यावसायिक संघाकडून सामन्याला सहा डॉलरवर खेळत राहिला. पुढच्या वर्षी बाल्टिमोरने बोलावलं, आणि १९५८ची अजिंक्यपदाची लढत त्याने जिंकून दिली. आज क्वार्टरबॅकच्या खेळाचा इतिहास सांगणारा माणूस युनायटसचं नाव टाळू शकत नाही.

मग १९८३. डॅन मरिनो ओकलंडचा, म्हणजे माझं ऑफिस आहे त्याच भागातला. शाळा इथली, कॉलेज इथलं, पिट, म्हणजे पिट्सबर्ग विद्यापीठ. शेवटच्या वर्षी त्याचा मोसम बिघडला: १७ टचडाउन, म्हणजे गुण मिळवून देणारे पास, आणि २३ इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडलेले. त्यात अमली पदार्थांच्या अफवा उठल्या, ज्यांना कधी पुरावा मिळाला नाही. त्या वर्षी त्याच्या आधी पाच क्वार्टरबॅक गेले. स्टीलर्सचा नंबर एकविसावा होता, आणि टेरी ब्रॅडशॉचं कोपर दुखावलेलं होतं. तरी त्यांनी दाराशी असलेला मुलगा सोडला. मायामीने त्याला सत्ताविसावा घेतला आणि पुढच्याच मोसमात, १९८४ला, मरिनोने ४८ टचडाउन फेकले. तोवर असा आकडा कोणी पाहिलाही नव्हता. स्टीलर्सना खात्रीचा क्वार्टरबॅक मिळायला त्यानंतर २००४ साल उजाडलं.

आणि मग तो पंजा. केनी पिकेटही पिटचाच. २०२१ला ४२ टचडाउन, कॉलेजांच्या कॉन्फरन्सचं विजेतेपद, हाइझमनच्या, म्हणजे कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराच्या, मतदानात तिसरा. कंबाइनला त्याचा उजवा हात मोजला: अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साडेआठ इंच. नऊच्या खाली गेला की स्काउटांच्या, म्हणजे खेळाडू पारखणाऱ्यांच्या, कपाळाला आठ्या पडतात, कारण पाऊस आणि थंडी असली की चेंडू हातातून सटकतो म्हणे. कित्येक आठवडे या शहरात त्या अर्ध्या इंचावर चर्चा चालली. स्टीलर्सनी २०२२ला त्याला विसावा घेतला आणि दोन मोसमांनंतर फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. त्याचं इथे जमलं नाही.

माझा मावसभाऊ म्हणेल, बघ, पट्टी खरी ठरली. पण मी ते सामने पाहिलेत. पिकेटचं घोडं पंज्यावर अडलं नाही. त्याला राखणाऱ्या साथीदारांची समोरची भिंत कोसळायच्या आधीच तो जागा सोडून बाहेर पळायचा, मैदानाच्या मधल्या भागात चेंडू टाकायला कचरायचा, आणि वर त्याला मिळालेली आक्रमणाची आखणी इतकी निस्तेज होती की तो प्रशिक्षक मोसमाच्या मध्यावर गेला. यातलं काहीही पट्टीवर येत नाही. आणि हेही सांगायला हवं की पिटचा संघ आणि स्टीलर्स एकाच संकुलात, शेजारी शेजारी सराव करतात. म्हणजे रोज डोळ्यांसमोर असलेल्या पोराबद्दलही अंदाज चुकला. पाहूनसुद्धा चुकतं. मग नुसतं मोजून काय होणार?

कंबाइनच्या व्हिडिओत जे दिसतं ते या कामाचं सगळ्यांत दिखाऊ टोक आहे. तिथे क्वार्टरबॅक चेंडू फेकतो तेव्हा अंगावर कोणी येत नसतं. खरं काम अंधाऱ्या खोलीत चालतं: त्याचा प्रत्येक सामना, प्रत्येक डाव, पुन्हा पुन्हा. चेंडू हातात आल्यावर सुमारे अडीच सेकंद मिळतात. त्यात पहिला साथीदार अडकलाय हे ओळखून दुसऱ्याकडे आणि तिसऱ्याकडे नजर न्यायची, आणि साथीदार वळायच्या आधीच चेंडू निघालेला हवा. त्याला फळ्यासमोर उभं करतात आणि म्हणतात, हा डाव काढून दाखव, इथे कोण कुठे जायला हवं होतं ते सांग. त्याच्या शाळेच्या प्रशिक्षकाला फोन जातात. बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची बुद्धिमत्ता चाचणी होती, तीही २०२२ला कंबाइनमधून बंद झाली; तशीही ती क्वार्टरबॅकबद्दल फारसं काही सांगत नव्हती.

आमच्या गावच्या हायस्कूलचे शुक्रवार रात्रीचे सामने मी चुकवत नाही. मुलगा बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. गेल्या ऑक्टोबरात एका सामन्यात सोळा-सतरा वर्षांच्या क्वार्टरबॅकला डाव्या बाजूने एक आडदांड पोरगा येऊन असा भिडला की हेल्मेटमध्ये गवताची ढेकळं अडकली. पोरगा उठला, बोटाने ढेकूळ काढलं, पुढचा डाव सुरू. मी फक्त त्याच्या तोंडाकडे पाहत होते. पुन्हा डावीकडून कोणी येतंय का, हे बघायला मान वळली की संपलं. पुढचे सगळे डाव तो भीतीकडे बघत खेळणार. त्याची मान वळली नाही. नजर मैदानाच्या पार टोकाला होती, पाय लहान लहान टाकत तो एक पाऊल पुढे सरकला आणि चेंडू सोडला. साथीदाराच्या हातून तो सुटला, म्हणजे कागदावर शून्य. स्काउट हे शून्यच शोधत गावोगाव हिंडतात.

बाबा दादरला असंच क्रिकेट पाहायचे. कांगा लीग म्हणजे ऐन पावसाळा, खेळपट्टी ओली, गवत घोट्याएवढं. छत्री घेऊन शिवाजी पार्कच्या कडेला उभे राहायचे आणि पोराने किती धावा केल्या हे विचारायचेही नाहीत. उसळलेल्या चेंडूवर मागचा पाय कुठे गेला, एवढंच सांगायचे. पद्माकर शिवलकरांचं नाव निघालं की त्यांचा आवाज बदलायचा. ५८९ प्रथम श्रेणी बळी आणि एकही कसोटी नाही. अमोल मुझुमदारचं तेच, अकरा हजारांवर धावा आणि भारताची टोपी नाही. त्याच माणसाने प्रशिक्षक म्हणून २०२५च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत भारताच्या मुलींना विश्वचषक जिंकून दिला. खेळ कळणाऱ्या माणसाला आपण किती वर्षं बाहेर उभं ठेवतो!

आता सर्फराझ. रणजीच्या एका मोसमात ९२८ धावा, पुढच्यात ९८२. तरी दार उघडलं नाही, आणि २०२३ला गावसकर चिडून म्हणाले होते की सडपातळच हवे असतील तर फॅशन शोमधून मॉडेल आणा. शेवटी २०२४ला राजकोटला संधी मिळाली, पहिल्याच कसोटीत दोन अर्धशतकं. त्याच वर्षी बंगळुरूला न्यूझीलंडविरुद्ध दीडशे. मग इंग्लंड दौऱ्यातून बाहेर. पोराने सतरा किलो वजन उतरवलं, म्हणजे पट्टीचं म्हणणंही ऐकलं, आणि त्यानंतर भारत 'अ' संघातसुद्धा नाव नाही. मावसभावाच्या युक्तिवादाचं इथे काय होतं ते त्याने मला सांगावं. मोजमाप हेच कारण होतं, तर मोजमाप सुधारल्यावर निकाल का बदलला नाही?

शरीराचं कारण देणं सोपं असतं, आणि इथे ते किती हीन पातळीला जाऊ शकतं हे मी वाचलंय. क्वार्टरबॅक वॉरन मून १९७८च्या रोझ बोलचा, म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या मानाच्या लढतीचा, सर्वोत्तम खेळाडू. कृष्णवर्णीय माणूस क्वार्टरबॅक म्हणून बहुतेक संघांना नको होता. ड्राफ्टमध्ये त्याला कोणीही घेतलं नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनला पाच अजिंक्यपदं जिंकली, मग परत आला आणि हॉल ऑफ फेमपर्यंत पोहोचला. चाळीस वर्षांनी लमार जॅक्सन या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकबद्दल जाणकार म्हणवणारे सांगत होते की याने जागा बदलावी, हा चेंडू झेलणारा म्हणून बरा. २०१८ला तो पहिल्या फेरीत अगदी शेवटचा, बत्तिसावा गेला. दुसऱ्याच मोसमात एकमताने लीगचा सर्वोत्तम खेळाडू. म्हणून कोणी मला इथल्या पट्टीचं कौतुक ऐकवतं तेव्हा तिच्यामागे कोण कोण लपलं होतं हे मला आधी आठवतं.

इथलं कौतुक करायचंच तर वेगळ्या गोष्टीचं करा. इथे चूक लपत नाही. २०००च्या ड्राफ्टमध्ये टॉम ब्रेडी, पुढे सर्वोत्तम क्वार्टरबॅक मानला गेलेला, १९९वा गेला, त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले, आणि ती सहाही नावं इथल्या शाळकरी पोरांना पाठ आहेत. कोणी कोणाला सोडून कोणाला घेतलं हे नंबरासकट कायमचं लिहिलं जातं. नंतर मॅनेजर माइकसमोर बसतो आणि लोक त्याला सोलून काढतात. २०२२चा अगदी शेवटचा, २६२वा, ब्रॉक पर्डी. दुसऱ्या वर्षी तो सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाची लढत, खेळला. यंदा पहिला जाईल असं जो तो धरून चाललाय तो इंडियानाचा फर्नांडो मेंडोझा, त्याच्या मागेही हायस्कूलमध्ये मोठी कॉलेजं लागली नव्हती; तो येलला जायच्या बेतात होता. आज हाइझमन त्याच्याकडे आहे. हे सगळं उघड्यावर आहे म्हणून इथला माणूस त्यातून काही शिकतो तरी. आपल्याकडे संघाची यादी येते, आणि वगळलेल्या पोराला कारण वर्तमानपत्रातल्या "सूत्रांकडून" कळतं. उसनं घ्यायचं तर हे घ्या. पंजा मोजायची पट्टी कसली घेताय?

एवढं लिहिल्यावर मला कळतं की माझा राग सगळाच सर्फराझसाठी नाही. "तू तिकडे बसून" हे मला लागलं. इथे स्टेडियममध्ये टेरिबल टॉवेल, स्टीलर्सच्या चाहत्यांचा तो पिवळा टॉवेल, हातात घेऊन उभी असले तरी शेजारचा भला माणूस दर मोसमाला मला फर्स्ट डाउन म्हणजे काय ते समजावून सांगतो. त्याच्या मनात काही वाईट नसतं. माझा चेहरा पाहून त्याने अंदाज बांधलेला असतो. आणि ठाण्यात माझा पत्ता पाहून अंदाज बांधतात. मी काय पाहिलंय, किती वर्षं पाहतेय, बाबांच्या छत्रीखाली किती भिजलेय, हे दोन्हीकडे कोणी विचारत नाही. पिट्सबर्ग हरलं की माझा सोमवार जातो आणि मुंबई हरली की माझी झोप जाते. यातलं एक खरं आणि एक उसनं असं मला आता वेगळं करता येत नाही, आणि ते करायला लावणाऱ्यांचा मला राग येतो.

गुरुवारी मी आणि मुलगा नॉर्थ शोअरला जाणार आहोत. स्टीलर्सनी पहिल्या फेरीत क्वार्टरबॅक घ्यावा असं त्याचं म्हणणं आहे. माझं मत, घाई नको. त्यावर गाडीत भांडण होईल ते होईल.

मावसभावाला मी ग्रुपवर उत्तर दिलं नाही, वेगळं लिहिलं. पुढच्या मोसमात मुंबईचा रणजी सामना बीकेसीला किंवा वानखेडेला असेल तेव्हा एक पूर्ण दिवस जाऊन बस. मोबाईल खिशात ठेव. सर्फराझ खेळायला आला की धावफलक बघू नकोस, वेगवान गोलंदाजाच्या आखूड चेंडूवर त्याचा मागचा पाय कुठे जातो ते बघ, आणि रात्री मला लिहून पाठव. तुझं मत त्यानंतरही हेच असेल तर मी ऐकून घेईन.