पेज बंद केलंत, कारण तरी सांगा

सांगलीत कृष्णेच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट झालं, कोयना धरणातून किती क्युसेक सोडलंय, नदीकाठच्या दत्तनगरात शिरलंय का, एवढंच आमच्या सोशल मीडियावरच्या पेजवर असायचं. ऐन पावसाळ्यात ते बंद केलं. कारण काय, तर 'कम्युनिटी स्टँडर्ड्सचा', म्हणजे कंपनीच्या नियमांचा, भंग. कुठली पोस्ट, कुठला नियम, कुणी ठरवलं, काही पत्ता नाही. अपील केलं की लगेच उत्तर: 'पुन्हा तपासलं, निर्णय कायम.' अरे, काय तपासलं? आयर्विनला ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी, हे सांगण्यात कसला भंग?

आणि २०१९ च्या पुराचे व्हिडिओ 'आत्ताची सांगली' म्हणून फिरवणारे बिनधास्त चालू! त्यांची तक्रार केली तर म्हणे नियमात बसतं. त्या व्हिडिओनं म्हाताऱ्या माणसांच्या छातीत धडकी भरते, ती कुठल्या नियमात बसते?

वर शहाणे सांगतात, खासगी कंपनी आहे, तिची मर्जी, पटत नसेल तर सोडा. सोडून जायचं कुठं? महापालिका सूचना तिथंच टाकते, पोलीस तिथंच, आमदार-खासदार तिथंच. परगावचा पोरगा आईबाप सुखरूप आहेत का ते तिथंच विचारतो. सगळं गाव जिथं जमतं ती जागा सार्वजनिकच, सातबारा कुणाच्याही नावावर असू दे. मार्केट यार्डात हळदीचं दुकान अडत्याचंच असतं, म्हणून सौदा त्याच्या लहरीवर चालतो का? बाजार समितीचा कायदा आहे, परवाना आहे, दाद मागायला जागा आहे.

कायदा इथंही आहे, राग त्याचाच येतो. २०२१ च्या आयटी नियमांत लिहिलंय, ५० लाखांवर वापरकर्ते असलेल्या कंपनीनं स्वतःहून मजकूर काढला तर कारण कळवायचं, बाजू मांडायची संधी द्यायची. तक्रार अधिकारी नेमायचा, ठरलेल्या मुदतीत तक्रार निकाली काढायची. कंपनीच्या निर्णयावर दाद मागायला २०२३ पासून केंद्राच्या अपील समित्याही आहेत. कागदावर सगळं आहे, आणि आमच्याशी बोलतंय मशीन!

सगळं सरकारच्या हातात द्या असं मी म्हणत नाही. उद्या सरकारनं नको त्या पोस्ट उडवायला लावल्या तरी मी असाच ओरडेन. पण कारण लेखी द्या. मराठी वाचता येणारा माणूस बसवा. आणि नदी इशारा पातळीवर असताना पुराचं पेज बंद करायच्या आधी त्या माणसाला एकदा ते वाचायला लावा.