सूज म्हणजे नकार नव्हे: हर्नियाच्या जाळीबद्दलच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि रागाचीही, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसणार नाही. हर्नियाच्या जाळीवरच्या, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागी आधाराला बसवायच्या प्लॅस्टिकच्या जाळीवरच्या, माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं: प्लॅस्टिक परकं, शरीर ते नाकारणारच, आणि तुमच्या वडिलांच्या जांघेत ऑपरेशननंतर राहिलेलं दुखणं हा त्याचा पुरावा. मग सूज येऊच नये असं औषध जाळीला का लावत नाहीत? शिवाय दोंडाईच्यात महागड्या जाळीऐवजी वापरलेल्या मच्छरदाणीच्या कापडाचं कौतुक म्हणजे गरिबांवरच्या प्रयोगाचं कौतुक.

आधी नकाराबद्दल. दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवल्यावर जो धोका असतो, तो मुख्यतः टी लिम्फोसाइट या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा. दात्याच्या पेशींवरची प्रथिनं त्या परकी म्हणून ओळखतात, म्हणूनच रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे जाळीच्या प्लॅस्टिकच्या, धाग्यावर असं ओळखण्याजोगं काही नसतं. जाळी बसवलेल्या कुणाला त्या गोळ्या दिल्याचं तुम्ही ऐकलंय का?

जाळीभोवती राबतात त्या भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज. जाळी आत ठेवताच काही क्षणांत रक्तातली फायब्रिनोजेनसारखी प्रथिनं धाग्यावर चिकटतात. पेशींची गाठ पडते ती या थराशी, नुसत्या प्लॅस्टिकशी नाही. पहिले एक-दोन दिवस न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी गर्दी करतात, मग मॅक्रोफेज येतात. त्यांचा आकार साधारण 20 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), धाग्याची जाडी 100 मायक्रॉनच्या आसपास किंवा जास्तच. गिळणार कसं? मग त्यांतल्या काही एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकं असलेली एकच मोठी पेशी बनते आणि धाग्याला बिलगून राहते. वर्षांनंतर काढलेल्या जाळीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तरी त्या तिथेच दिसतात. पण दरम्यान बाकीच्या मॅक्रोफेजनी आपला सूर बदललेला असतो. सुरुवातीला दाह, म्हणजे ही सूज, पेटवणाऱ्या या पेशी पुढे फायब्रोब्लास्ट या धागे विणणाऱ्या पेशींना कोलॅजेन हे चिवट प्रथिन घालायला लावतात. स्लॅबमध्ये सळई काँक्रीट धरून ठेवते तशी जाळी या कोलॅजेनमध्ये पक्की होते. सुरुवातीची सूज वजा केली तर उरेल नुसतं ठेवलेलं फडकं.

औषधाचा प्रश्न म्हणूनच चांगला आहे. पेसमेकरच्या तारेच्या टोकाशी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड ठेवलेलं असतं, कारण तिथे व्रणाचा, म्हणजे अशाच कोलॅजेनच्या चिवट ऊतीचा, जाड थर बसला तर हृदयाला चेतवायला जास्त वीज लागते. तिथे व्रण नको असतो. हर्नियात आपण त्याच्याच भरवशावर असतो.

तुमचा राग जिथे रास्त आहे, ते आता. व्रण किती व्हावा याला मर्यादा आहे आणि जुन्या जड, बारीक भोकांच्या जाळ्यांनी ती ओलांडली. प्रत्येक धाग्याभोवती दाहाची छोटी गाठ होते. भोकं साधारण एक मिलिमीटरपेक्षा लहान असली की शेजारच्या गाठी जुळतात, सगळ्याचा एक ताठ पत्रा होतो आणि तो आकसतो. रुग्णांच्या शरीरातून काढाव्या लागलेल्या जाळ्या तपासून जर्मनीतल्या आखेनचे सर्जन क्लिंगे आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं, त्यानंतर हलक्या, मोठ्या भोकांच्या जाळ्या आल्या. जागेचाही फरक पडतो. योनीमार्गातून बसवायच्या, अवयव खाली सरकण्यावरच्या जाळ्यांची विक्री अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) एप्रिल 2019 मध्ये थांबवली, आणि त्यांतल्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्याच होत्या.

मच्छरदाणीबद्दल मात्र मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोंगावकरांनी ते कापड जाळी म्हणून वापरलं आणि 2003 मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. पुढे युगांडात 302 पुरुषांवर तुलनात्मक चाचणी झाली: चिठ्ठी टाकावी तसं कुणाला महागडी जाळी, कुणाला मच्छरदाणीची. 2016 साली छापलेल्या निकालात वर्षभरात हर्निया पुन्हा झाला तो स्वस्त जाळीच्या गटात एकाला, दुसऱ्या गटात कुणालाच नाही. वर्ष हा काळ थोडा आहे, हे मान्य. पण वर सांगितलेल्या भोकांच्या हिशेबात हे कापड मोठ्या भोकांच्या बाजूला बसतं, त्यामुळे निकालाचं मला नवल वाटलं नाही. (घरची मच्छरदाणी घेऊन कुणी सर्जनकडे जाऊ नका. कीटकनाशक लावलेली तर नाहीच नाही, आणि पिळाच्या धाग्याच्या फटींत जंतू शिरतात, मॅक्रोफेज शिरत नाहीत.)

राहिलं वडिलांचं दुखणं. जाळीच्या ऑपरेशननंतर साधारण दहातल्या एकाला ते रेंगाळतं, ही लहान गोष्ट नाही. कारण व्रणाचं असू शकतं, तसंच टाक्यात किंवा व्रणात अडकलेल्या नसेचंही, आणि दोन्हींचे उपचार वेगळे. तीन महिने उलटले असतील तर ऑपरेशनचा कागद काढा, जाळी कोणती आणि कशी बसवली ते पाहा, आणि फक्त हर्नियाचं काम करणाऱ्या सर्जनला दाखवा. ठणका जळजळीसारखा आहे का, मांडीकडे उतरतो का, हे त्यांना आवर्जून सांगा.