मास्टर्स कराच, पण चाकणमार्गे

सांगलीत माझ्या मावसबहिणीची मुलगी यंदा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरात सध्या एकच वाद: लगेच मास्टर्सला परदेशी पाठवायचं, की आधी नोकरी करू द्यायची? तिचे बाबा म्हणतात, एकदा पगाराची सवय लागली की पुस्तक हातात धरवत नाही. आजीला तिच्या वयाची काळजी. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, दोन वर्षं काम करू दे, मग येऊ दे. ते कुणाला फारसं रुचलेलं नाही.

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ गिअरबॉक्सच्या चाचणी विभागात आहे. आमच्याकडे भारतीय विद्यार्थी शिकता शिकता अर्धवेळ कामाला येतात. मागे दोघं एकदमच आले. एक उत्तम मार्कांचा, पदवीनंतर थेट इथे. दुसऱ्याचे मार्क बेताचे, पण पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात दोन वर्षं शॉप फ्लोअरवर, म्हणजे प्रत्यक्ष मशीनांजवळ, काढलेली. एका सकाळी चाचणीच्या बेंचवरचा गिअरबॉक्स भराभर तापू लागला. पहिल्याने लॅपटॉप उघडून तापमानाचे आलेख काढायला घेतले. दुसऱ्याने विचारलं, "रात्रीच्या शिफ्टला तेल कुणी भरलं?" तेल पातळीच्या वर गेलं होतं, गिअर ते घुसळत बसले की उष्णता वाढणारच. पहिला मुलगा हुशारीत कुठेही कमी नव्हता. त्याला कुणी मशीनजवळ उभंच केलं नव्हतं.

इथे मास्टर्सला बरेचसे विषय आपले आपण निवडायचे असतात. काम पाहिलेलं नसेल तर मुलं मित्र घेतील ते विषय घेतात, आणि चुकलं हे थीसिसच्या वेळी कळतं.

आणि पैसा. "जर्मनीत शिक्षण फुकट" हे आपल्याकडे अजून छातीठोकपणे सांगतात. आमच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1500 युरो फी आहे. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात. पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात, पण बाजार कसा आहे? फोक्सवागनने डिसेंबर 2024 मध्ये कामगार संघटनेशी करार करून 2030 पर्यंत 35,000 हून अधिक जागा कमी करायचं ठरवलं. अशा वेळी ना अनुभव ना जर्मन भाषा, आणि डोक्यावर कर्ज, अशी मुलं मी पाहतो तेव्हा जीव तुटतो. पुण्यात नोकरी करता करता संध्याकाळी बी-वनपर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, जर्मन होऊ शकतं.

ज्याला संशोधनातच जायचंय, त्याने थांबू नये. बाकीच्यांनी शेवटच्या वर्षात अभ्यास ताजा असताना गेट ही एमटेक प्रवेशाची परीक्षा देऊन ठेवावी. स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणजे नोकरीत असतानाही आयआयटीत एमटेकचा रस्ता खुला राहतो.

बाबांची भीती खरी आहे, काहींची शिकायची इच्छा विरतेच. पण ती कर्ज काढण्याआधी विरली तर बरंच. आजीच्या काळजीबद्दल मात्र स्पष्ट बोलतो: मुलगा असता तर वयाचा विषय निघालाच नसता. आमच्या विभागात आधी तीन-साडेतीन वर्षं कारखान्यात उमेदवारी करून मग इंजिनिअर झालेली माणसं आहेत. तिशीत मास्टर्स करणाऱ्याकडे इथे कुणी वळूनही पाहत नाही.

तिला भोसरीतल्या एका गिअर कारखान्यातून बोलावणं आलंय. पगार कमी आहे, पण गिअरचे दाते कापणाऱ्या हॉबिंग मशीनवर शिकायला मिळेल. तिने ते घ्यावं.