रिंग सुट्टी मिळत नाही

सांगलीत हौसेने सुतारकाम करणाऱ्याला प्लायवूड, फेव्हिकॉल आणि फुकटचा सल्ला यांची कधीच टंचाई भासत नाही. त्याचे घोडे अडते ते रबराच्या एका रिंगेपाशी. माझी हवेच्या दाबाने खिळे ठोकणारी एफ-30 गन मध्यंतरी 30 मिलिमीटरचा खिळा अर्धाच ठोकून मोकळी होऊ लागली. कंप्रेसरचा दाब 60 ते 100 पीएसआयच्या दरम्यान, म्हणजे लागतो तेवढाच होता. या गनचे निदान कानाने करायचे असते. ट्रिगरपाशी फुसफुस ऐकू आली तर ट्रिगरचा व्हॉल्व्ह गेला, माथ्यातून हवा सुटत राहिली तर तिथली रिंग गेली, आणि कुठेही हवा न गळता नुसताच जोर ओसरला तर पिस्टनची रिंग किंवा तिच्याखालचा बंपर, म्हणजे पिस्टनचा धक्का झेलणारे रबर, झिजला असे समजावे. माझ्या गनचे दुखणे तिसरे होते.

"काका, रिंग सुट्टी मिळत न्हाई. नवी गनच घ्या की!" दुकानदार म्हणाला. शेजारच्या मिरजेत तुटलेली तार घेऊन गेलेल्या माणसाला कोणी नवी सतार दाखवत नाही, हे मी त्याला सांगून पाहिले. त्याने मला नव्या गनचे दोन रंग दाखवले. अखेर दुसरीकडे रिंगांचे अख्खे किट मिळाले.

हवेचा पाइप काढून, खिळे बाहेर घेऊन मी माथ्याचे स्क्रू सोडवले, तोच आतली स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली आणि घरातील सर्व वयोगटांची माणसे जमिनीवर आडवी झाली. जुनी रिंग एका बाजूने चपटी झाली होती. नवीला किंचित ग्रीस लावून बसवली आणि स्क्रू समोरासमोरचे घेत थोडेथोडे आवळले. तेलाचा विषय निघताच शेजाऱ्यांनी खोबरेल सुचवले. मी मात्र एअर टूलचेच दोन-तीन थेंब हवेच्या तोंडातून सोडले. पावसाळ्यात कंप्रेसरच्या टाकीत साचणारे पाणी रोज सोडावे लागते, कारण ते गनमध्ये गेले की तेल धुऊन नेते आणि लोखंडाला गंज चढवते.

गन उत्तम चालू लागली. उरलेल्या रिंगांतील एक आईने परस्पर सिंकच्या फिरत्या नळाला बसवून पाहिली आणि कित्येक महिने गळणारा तो नळ थांबला. आता गनच्या माथ्यातून हवा सुटते आहे. तिथली रिंग सिंकवर कामाला आहे, आणि ती काढू देण्यास आईचा ठाम नकार आहे.