कुलवृत्तांत, लिक्स आणि काकांची स्पेस

आमच्या कुलमंडळाने नवा कुलवृत्तांत काढायचा ठराव पास केला तेव्हा तो वर्डमध्ये करायचा नाही, हे भाच्याने परस्पर ठरवूनही टाकलं होतं. भाचा फिजिक्समध्ये एमएस्सी करतो आणि वर्डचं नाव काढलं की फिजिक्सवाल्यांचा आवाज का कोण जाणे चढतोच. मामा, पाचशे पानं, ढीगभर तळटीपा, मागे नावांची सूची, आणि तू एका खापरपणजोबांचा फोटो अर्धा इंच सरकवलास की पुढच्या सात पिढ्या खालच्या पानावर, चालेल का तुला? नाही चालणार म्हटलं. मग लिक्स घे म्हणाला, पुस्तकाची मांडणी स्वतः सांभाळणारं सॉफ्टवेअर, ओपन सोर्स आहे.

काका अध्यक्ष. चिपळूणला असतात, शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पैसे पडतात का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग टाक की, विचारतोस काय!" आणि टाकायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी बँकेत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो आणि आमच्याकडे तेवढ्यावर माणूस एक्स्पर्ट होतो.

आता हे लिक्स म्हणजे नुसता दर्शनी भाग. त्याच्या आत लाटेक, आणि त्याच्याही आत प्रत्यक्ष पानं जुळवणारं टेक. हे टेक डोनाल्ड कनूथ नावाच्या प्राध्यापकाने 1977 मध्ये करायला घेतलं, का तर स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं बघून त्याला वाईट वाटलं. आपल्याकडे प्रुफं बघून वाईट वाटलं तर माणूस प्रेसवाल्याशी भांडतो, फार तर शुद्धिपत्र चिकटवतो. ह्याने अख्खी टाइपसेटिंगची सिस्टिम लिहिली आणि त्यात दहाएक वर्षं घातली. बरं तिचे व्हर्जन नंबरही साधे नाहीत, दरवेळी गणितातल्या पायचा (π) एक अंक वाढतो, सध्या 3.141592653 वर आलंय, आणि कुणी त्याच्या पुस्तकात चूक शोधून दिली की तो 2 डॉलर 56 सेंटचा चेक पाठवायचा. ह्या असल्या वस्तूला 1995 मध्ये माथियास एट्रिख ह्या जर्मन विद्यार्थ्याने जरा माणसाळलेलं रूप दिलं, ते लिक्स. एवढा सगळा इतिहास भाच्याने मला साग्रसंगीत सांगितला, इन्स्टॉल कसं करायचं ते मात्र "सोपंय रे मामा" एवढ्यात उरकलं.

सुरुवात काकांपासून केली, कारण त्यांच्याकडे विंडोज आणि विंडोजवर सगळं नेक्स्ट-नेक्स्ट करून होतं असा आपला समज. होतंही. पण लिक्सच्या पाठोपाठ मिकटेक, म्हणजे विंडोजवरचं टेक लागतं, आणि हे मिकटेक येताना थोडंच सामान घेऊन येतं, बाकीची पॅकेजेस, म्हणजे जादा सोयींच्या फायली, लागतील तशी उतरवतं, आणि दरवेळी विचारून. लिक्स पहिल्यांदा सुरू होताना तुमच्याकडे काय काय आहे ते तपासत बसतं, म्हणजे प्रत्येक पॅकेजला एक नवी विंडो. सत्यनारायणाला बसल्यावर गुरुजी एकेक मागत जातात ना, हळकुंड आणा, आता खारीक आणा, आता एक सुट्टं नाणं, आणि यजमानीण दरवेळी उठते, तसं. मी रिमोटने बघत होतो पण माऊस काकांनी सोडला नव्हता.

"अरे, हे बुकटॅब्स म्हणतंय. घेऊ?"

"घ्या काका."

"आपल्याला लागेल का पण ते?"

"लागेल. आणि तिथे खाली बारीक अक्षरात टिक आहे बघा, ही विंडो दरवेळी दाखव म्हणून, ती काढून टाका, मग सगळं आपोआप येईल."

"नको नको, विचारू दे. विचारतंय ते उलट चांगलं आहे. न विचारता आत शिरलेलं मला आवडत नाही."

मग आम्ही एकेक पॅकेज चर्चा करून घेतलं. मध्ये काकांची दुपारची झोप झाली, चहा झाला, लाईट गेली आणि आली.

परदेशातली शाखा ताईकडे, म्हणजे चुलतबहीण, ती श्टुटगार्टला असते आणि तिच्याकडे मॅक. मॅकवरचं मॅकटेक मिकटेकच्या बरोबर उलट, एकदाच पाच जीबीच्या वर सगळं देऊन मोकळं, पुन्हा काही मागत नाही. मला वाटलं सुटलो. पण लिक्सवर क्लिक केल्यावर मॅक म्हणालं की ह्यात काही घातक नाही ह्याची खात्री आम्ही देऊ शकत नाही. पूर्वी राइट क्लिक करून ओपन म्हटलं की भागायचं, ते मॅकच्या सिकोया व्हर्जनपासून बंद झालंय, आता सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन पार तळाशी 'तरीही उघडा' असं बटण असतं ते दाबायचं आणि वर पासवर्ड द्यायचा. हे मी सांगणार कसं, तर ताईचं मॅक सगळं जर्मनमध्ये. ती एकेक ओळ वाचून मराठीत सांगणार, मी अंदाजाने हो-नाही म्हणणार. बटण सापडलं तर म्हणते, "अरे पण ते उघडू नको म्हणतंय तर आपण का उघडायचं?" तिला म्हटलं, ताई, ज्याने हे लिहिलं तो तुझ्या शेजारच्या ट्यूबिंगनच्या युनिव्हर्सिटीत होता. "हो का? अगं बाई, जवळच आहे की!" म्हणाली आणि लगेच पासवर्ड दिला. सॉफ्टवेअर घरातलं निघालं की आपल्या माणसांना सिक्युरिटी लागत नाही.

माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू, म्हणजे लिनक्स आहे, ते भाच्यानेच टाकलेलं. इथे सगळ्यात सोपं, एक कमांड द्यायची आणि खुर्चीत मागे टेकायचं. मी टेकलो. शेकडो ओळी सरसर गेल्या आणि एका ओळीवर गाडी थांबली. प्री-जनरेटिंग कॉन्टेक्स्ट मार्क-फोर फॉरमॅट, धिस मे टेक सम टाइम. घेऊ दे म्हटलं टाइम. जेवणं झाली, ओटा आवरून झाला, बायको झोपायला गेली, ती ओळ तिथेच. शेवटी भाच्याला फोन केला.

"एंटर दाबून धर."

"का?"

"माहीत नाही. सगळे धरतात."

धरलं, आणि खरंच पुढे सरकलं! आजही मला ह्याचं कारण माहीत नाही आणि आता विचारायचंही नाहीये.

तिन्हीकडे लिक्स आलं म्हणजे संपलं असं वाटेल, पण उबुंटूने दिलेलं 2.3 आणि बाकी दोघांकडे 2.4, आणि 2.4 मध्ये सेव्ह केलेली फाईल 2.3 उघडत नाही, म्हणजे माझ्यासाठी दोघांनी दरवेळी जुन्या फॉरमॅटमध्ये एक्स्पोर्ट करायचं. शिवाय फॉन्ट. काकांनी मंगल लावलेला, तो ताईकडे नाही, तिच्याकडचा कोहिनूर माझ्याकडे नाही, आणि माझा लोहित कुणाकडेच नाही, आणि फॉन्ट सापडला नाही की टेक रागावून थांबतंच, दुसरा चालवून घेत नाही. शेवटी आयआयटी मुंबईचा शोभिका फॉन्ट, तोही फुकटच, तिघांकडे टाकला. तरी पहिल्या पीडीएफमध्ये चिपळूणची वेलांटी च सोडून त्याच्या पुढे जाऊन उभी! फॉन्टच्या ओळीत स्क्रिप्ट इज इक्वल टू देवनागरी असं लिहावं लागतं, त्याशिवाय टेकला कळत नाही की ऱ्हस्व वेलांटी लिहायची नंतर पण दिसायची आधी. भाच्याने ती ओळ पाठवली आणि चिपळूण जागेवर आलं.

मग काकांचा फोन. स्पेसबार बिघडलाय म्हणाले. बघितलं तर स्पेसबार ठणठणीत. काका आयुष्यभर मथळा मधोमध आणतात तो स्पेस मारत मारत, आणि लिक्समध्ये एकापाठोपाठ दोन स्पेस मारताच येत नाहीत, ते त्याच्या तत्त्वात बसत नाही, मांडणी आमच्यावर सोडा म्हणतं. मारल्याच तर खाली इंग्रजीत एक ओळ येते, अशा दोन स्पेस देता येत नाहीत, कृपया ट्युटोरियल वाचा.

"मला वाचायला सांगतंय हे?" काका म्हणाले. छत्तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस.

मी त्यांना सेंटर कसं करायचं ते सांगितलं, मथळ्याची स्टाइल दाखवली, हो हो म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्यांची फाईल आली त्यात प्रत्येक मथळ्याआधी टिंबं. स्पेस नाही देत ना, मग टिंब तर देतोस, असं म्हणून त्यांनी चौथी शाखा टिंबं मारत मारत बरोबर मधोमध आणली होती, आणि लिक्सनेही ती निमूट छापली. मी काढायला सांगणार होतो, पण तेवढ्यात ती पीडीएफ काकांनी ग्रुपवर टाकलीसुद्धा, दोन आत्यांना ती टिंबं नक्षीसारखी वाटली, कुणीतरी अनुमोदन दिलं, आणि आता सगळ्या शाखांच्या संपादकांनी मथळ्याआधी अशीच टिंबं द्यावीत म्हणजे पुस्तक एकसारखं दिसेल, असा अध्यक्षांचा मेसेज आलाय.