खुलासा : ‘५६ के’ मोडेमच्या वेगाविषयी

डायल-अपच्या, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट जोडण्याच्या काळातील ‘५६ के’ मोडेम (त्या जोडणीचे उपकरण) सेकंदाला ५६ किलोबाइट माहिती आणू शकत असे, पण कंपन्या ग्राहकांना जेमतेम ७ देऊन फसवत, असा संदेश सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. मोडेमचा वेग किलोबिटमध्ये सांगितला जाई आणि ८ बिटांचा १ बाइट होत असल्याने ५६ किलोबिट म्हणजे ७ किलोबाइटच. १९९८ च्या व्ही.९० या मोडेमसाठीच्या तांत्रिक मानकात हा वेगही केवळ येणाऱ्या माहितीसाठी होता. पाठवण्याची मर्यादा ३३.६ किलोबिट होती. शिवाय इंटरनेट सेवा पुरवठादाराची टेलिफोन एक्स्चेंजशी जोडणी डिजिटल आणि घरापर्यंतची तांब्याची तार सुस्थितीत असेल, तरच मोडेम त्या वेगाच्या जवळपास जाई (जोडणीच्या वेळी मोडेममधून ऐकू येणारी कर्कश शिट्टी म्हणजे तारेचा दर्जा जोखून वेग ठरवण्याचाच भाग होता). फसवणुकीचा तो चुकीचा संदेश कृपया पुढे पाठवू नये.