‘आधी असमतोल घालवा, मगच वजन उचला’: एका सल्ल्याचा प्रतिवाद

नवशिक्याने आधी दोन-तीन महिने डाव्या-उजव्या बाजूंतील असमतोल घालवावा आणि मगच बारला (वजनाच्या चकत्या लावायच्या लांब दांड्याला) हात लावावा, अन्यथा बलवान बाजू आणखी बलवान होऊन सांधे दुखावतात, असा सल्ला सध्या सर्रास दिला जातो. कमकुवत बाजूला दुप्पट सेट (व्यायामाच्या सलग आवृत्त्यांच्या फेऱ्या) द्यावेत, अशी पुस्तीही त्याला जोडलेली असते.

मुळात असमतोल म्हणजे दोष, हे गृहीतकच तपासायला हवे. लिहिण्यापासून बादली उचलण्यापर्यंत सारे एकाच हाताने करणाऱ्याच्या दोन हातांत फरक पडणारच. पाठीचा कणा बाजूला वाकलेला असूनही लमार गँट या अमेरिकी पॉवरलिफ्टरने १९८५ मध्ये स्वतःच्या वजनाच्या पाचपट डेडलिफ्ट केली, म्हणजे तेवढ्या वजनाचा बार जमिनीवरून उचलून तो ताठ उभा राहिला. हे उदाहरण अर्थातच अपवादात्मक आहे आणि त्याचे अनुकरण कोणी करू नये. मात्र निर्दोष समतोल ही वजन उचलण्याची पूर्वअट नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

बार एका बाजूला कलतो, हा पुरावा म्हणून नेहमी पुढे केला जातो. सुरुवातीच्या आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्था हालचाल शिकते म्हणून वाढते, त्यामुळे तेव्हाचा डगमगाट बराचसा सरावानेच जातो. शिवाय स्नायूंना बोल लावण्याआधी पकड पाहावी. पॉवरलिफ्टिंगच्या बारवर ८१ सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा असतात. एक हात खुणेवर आणि दुसरा तिच्या दोन बोटे बाहेर असला, किंवा माणूस बेंचवर जरा सरकून झोपला, तरी बार तिरकाच वर जातो.

दुप्पट सेटचीही गरज नसते. डंबेलचा व्यायाम कमकुवत बाजूने सुरू करावा आणि तिला जितक्या आवृत्त्या जमतील तितक्याच दुसऱ्या बाजूने कराव्यात. एका हाताच्या सरावाने दुसऱ्याचीही ताकद काही अंशी वाढते, हे येल विद्यापीठात १८९४ मध्येच नोंदले गेले आहे. आठवडाभर बेंच प्रेस (बाकावर उताणे झोपून बार छातीवरून वर ढकलणे) करायचा आणि पाठीसाठी एकही रो (वजन स्वतःकडे ओढण्याचा व्यायाम) करायचा नाही, या खऱ्या असमतोलाबद्दल मात्र हे सल्लागार क्वचितच बोलतात.

जुनी दुखापत वा शस्त्रक्रिया झालेला पाय उघडपणे बारीक दिसत असेल, एका बाजूला मुंग्या येत असतील किंवा वेदना टिकून राहत असेल, तर आधी तपासणी करून घ्यावी, हे मान्यच आहे. तेव्हाही फिजिओथेरपिस्ट बहुधा वजन बंद करत नाही. ते किती आणि कसे उचलायचे, हे ठरवून देतो.